म्हाताऱ्यांची धुंड

श्रीकांतच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा नारळ माझ्या हातात होता. नायकांनी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांनी, तो मला दिला नव्हता. शाल नीट घालता यावी म्हणून क्षणभर धरायला दिला होता. शाल घालून झाली, फोटो झाला. मग त्यांनी नारळ माझ्या हातातून काढून श्रीकांतला दिला आणि दुसरा फोटो झाला. त्या दुसऱ्या फोटोसाठी मला सांगण्यात आलं, "मॅडम, जरा बाजूले व्हा." मी बाजूला झाले.

बोरी अरबकडून आत वळणाऱ्या रस्त्यावरचा हा बंजारा तांडा. नाव मुद्दाम सांगत नाही. मी या भागाची तालुका आरोग्य अधिकारी. इतकी वर्षं इथे येते की इथली कुत्री माझ्या जीपवर भुंकत नाहीत. गोवर असो, जुलाब असो, सर्पदंश असो, मी हजर. नारळ कधी मिळाला नाही. चहा मिळतो. तोही, "मॅडम आल्या, उरला असन तर गरम कर" असा.

श्रीकांत माझा मेडिकलचा बॅचमेट. माझी रँक त्याच्या वर होती. माझ्या जर्नल्सवरून तो त्याची जर्नल्स उतरवायचा, आणि परीक्षकांनी अक्षराचं कौतुक त्याचं केलं. आता तो दिल्लीला एका राष्ट्रीय कचेरीत बसतो. हवेतून पसरणारे विषाणू, म्हणजे गोवर, फ्लू, कोविड वगैरे, देशात कुठे वाढताहेत आणि लसीकरण कुठे मागे पडलंय याचे आलेख काढणं हे त्याचं काम. टीव्हीवर येतो. माझी आई म्हणते, "किती छान समजावून सांगतो गं." मी चॅनेल बदलते.

एकदा त्यानं मला फोन करून विचारलं होतं, "अगं, देशाचं कव्हरेज तर चांगलं दिसतंय. मग तुमच्याकडे गोवर कसा निघतो?" कव्हरेज म्हणजे शंभरातल्या किती मुलांना लस मिळाली ते. मी त्याला सांगितलं, "अरे, सरासरी घेऊन काय करतोस? कोविडच्या काळात डोस हुकलेली मुलं, कामासाठी फिरणाऱ्या घरांतली मुलं, ही देशभर सारखी पसरलेली नसतात. एकेका जागी साचतात. कापसाची गंजी पेटते ती एका कोपऱ्यातून. बाकीची गंजी ओली आहे म्हणून तो कोपरा वाचत नाही." पुढच्याच आठवड्यात हे वाक्य मी टीव्हीवर ऐकलं. सुरुवातीला त्यानं जोडलं होतं, "मी कापसाच्या मुलखातला माणूस आहे." याचे वडील बँकेत मॅनेजर. यानं कापूस पाहिला तो गादीत.

तर असा हा श्रीकांत त्या दिवशी शाल पांघरून नायकांच्या अंगणात बसला होता. तांड्यात गोवर निघाला होता आणि होळी तोंडावर होती.

झालं होतं असं. होळीसाठी तांडा भरायला लागला होता. पुण्याकडे बांधकामावर गेलेली घरं परत येत होती. अशाच एका घरातली लहान मुलगी तापली, डोळे लाल झाले, अंगावर पुरळ उठलं. आमच्या सिस्टरनं त्याच दिवशी मला कळवलं. नमुना लॅबला गेला, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मुलीला आम्ही व्हिटॅमिन ए दिलं, तिचं घर बाकी मुलांपासून वेगळं ठेवलं. मग घरोघरी फिरून डोस हुकलेली पोरं हुडकली आणि टोचली. पुरती दमछाक झाली. पण ते नेहमीचं काम होतं.

खरी धास्ती होती धुंडीची.

धुंड म्हणजे वर्षभरात जन्मलेल्या बाळाचा पहिल्या होळीचा संस्कार. पूर्वी मुलग्यांचीच व्हायची. या तांड्यात आता मुलींचीही करतात. आई बाळाला मांडीवर घेऊन दाराशी बसते. वर कापड धरतात. होळी खेळणारे पुरुष, त्यांना गेरिया म्हणतात, बाळाच्या डोक्यावर आडवी काठी धरतात आणि तिच्यावर आपापल्या काठ्या आपटत, घसा फोडून गात त्याला आशीर्वाद देतात. सगळा तांडा गोळा होतो. लहान पोरं तर आईच्या पदरापर्यंत घुसतात.

आता माझ्या नजरेनं बघा. गोवराचा विषाणू खोकल्यातून येतो, तसाच बोलण्या-गाण्यातूनही हवेत येतो. पुरळ दिसायच्या आधीच माणूस तो वाटायला लागतो. आणि त्याची पहिली लस मिळते नऊ महिने पूर्ण झाल्यावर. त्याआधी बाळाकडे असतं ते आईकडून आलेलं संरक्षण. ते दिवसागणिक ओसरतं, आणि कोणाचं किती उरलंय हे बघून कळत नाही. म्हणजे तांड्यातली सगळ्यांत उघडी बाळं नेमकी त्या कापडाखाली बसणार, आणि पुण्या-मुंबईहून आलेले जवान त्यांच्या तोंडावर गाणार.

साथीच्या वेळी सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांना एक जादा डोस देता येतो. त्याला झिरो डोस म्हणतात, कारण तो हिशेबात धरत नाहीत. नेहमीचे दोन डोस पुढे द्यावेच लागतात. पण त्याला वरून परवानगी लागते. मी मेल पाठवला. उत्तर नाही. जिल्ह्याच्या साहेबांना फोन केला.

"मॅडम, दिल्लीची टीम येतेय. श्रीकांत सर स्वतः येताहेत. तोवर धीर धरा."

"साहेब, विषाणू धीर धरत नाही."

"हे वाक्य सरांसमोर बोलू नका," साहेब म्हणाले.

सर आले. नायकांच्या अंगणात चहा येईपर्यंत त्यांनी दिल्लीला एक फोन लावला, आणि चहा संपायच्या आत परवानगी आली. माझा मेल तसाच पडून होता. बाळांच्या दृष्टीनं ही आनंदाची बातमी होती. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही.

सहा महिन्यांवरच्या बाळांना आम्ही लगेच डोस दिले. पण डोसाचं बळ यायला वेळ लागतो, तेवढा होळीपर्यंत नव्हता. आणि काही बाळं सहा महिन्यांच्याही आतली होती. त्यांतलंच एक नायकांचा नातू. दिवाळीत जन्मलेला. त्याला देण्यासारखं माझ्या डब्यात काहीच नव्हतं.

श्रीकांतनं लॅपटॉप उघडला. देशातल्या गोवराचा आलेख दाखवला. रेघ कशी खाली येत गेली, मग कशी वर चढली. सगळ्यांनी भक्तिभावानं पाहिलं. मी हाच आलेख मागच्या वर्षी फळ्यावर खडूनं काढला होता, तेव्हा अर्धी माणसं उठून गेली होती.

"यंदा धुंड पुढे ढकला," तो म्हणाला. "तेवढं शक्य नसेल तर फक्त पाच माणसं, मास्क लावून, लांबून, दहा मिनिटांत."

गेरियांचा म्होरक्या अविनाश मागं उभा होता. तो हसलाच. "सर, मास्क लावून गाणं कसं म्हनाचं? वर्षभर वाट पाह्यतो आमी."

नायकांनी त्याला हातानं गप्प केलं. "हो सर. बिलकुल सर. तुमी म्हणान तसं."

श्रीकांत खूश झाला. जीपकडे जाताना मला म्हणाला, "बघ, लोकांशी नीट बोललं की ऐकतात."

"श्रीकांत, नायक तीनदा हो म्हणाले."

"मग?"

"इथे एकदा हो म्हणजे हो. तीनदा हो म्हणजे पाहुण्याला नाही म्हणवत नाही. तुझी गाडी फाट्यावर वळली की हे लोक ठरल्याप्रमाणे धुंड करणार."

"वंदना, तू कॉलेजपासून अशीच निगेटिव्ह आहेस."

तो यवतमाळला विश्रामगृहावर गेला. मी मागे राहिले. कर्तव्य होतंच, पण त्याला खोटं पाडायची खुमखुमीही होती.

मी नायकांच्या सुनेकडे गेले. तिचं नाव ललिता. बाळाला पाजत बसली होती.

"ललिता, यंदा राहू दे ना धुंड. पुढच्या होळीला करू."

"पुढच्या होळीची धुंड नसते मॅडम. पह्यल्याच होळीची असते."

"तुझं आधीचं बाळ गोवरानं गेलं. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे ना. तुमीच सांगतलं होतं मले." तिनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "पुण्याले साइटवर होतो आमी. ताप आला, पुरळ आलं, मंग छाती भरली. पण होळी झाल्यावर झालतं ते, अन् दुसरी होळी यायच्या आधी गेलं. त्याची धुंड बी झाली नव्हती. दोनी गोष्टी खऱ्या आहेत मॅडम. तुमी एक धरता, मी दोनी धरतो. ह्याची धुंड मी सोडणार नाही."

"अन् याला काही झालं तर?"

"म्हणून तं भेव लागून राह्यलं." तिचे डोळे भरले. "तुमी दवाखान्याच्या बाई आहात. धुंड बी झाली पाह्यजे अन् पोट्टं बी राह्यलं पाह्यजे, असं काहीतरी सांगा ना. बंद करा म्हणाले तं कोणी बी येते."

हे मला लागलं. बंद करा म्हणायला खरंच कोणीही येतं. दिल्लीहूनसुद्धा येतं.

बाहेर निंबाखाली तांड्यातले बुढे बसले होते. मी त्यांच्यात जाऊन टेकले. मला सुचत काहीच नव्हतं. हरीबाबा त्यांच्यातले सगळ्यांत थोरले. त्यांनी विचारलं, "काहून तोंड पाडून बसल्या मॅडम?"

मी गोवराचं सांगितलं.

"हे कायचं भेव? माया लहानपनी अख्खा तांडा पडला होता एकाच टायमाले. पाणी द्याले माणूस उभा नव्हता."

"सगळ्यांना झाला होता?"

"सगळ्याइले. जे वाचले ते हे बसले."

मी त्या रांगेकडे बघत राहिले. पांढऱ्या मिशा, मोठमोठे फेटे, विड्या. गोवर एकदा झाला की सहसा आयुष्यात पुन्हा होत नाही. आणि ज्याला होत नाही, तो दुसऱ्याला देतही नाही. लस येण्याआधीच्या पिढीत गोवरातून सुटलेला माणूस शोधून सापडायचा नाही. आम्ही पोरांच्या डोसांचे आलेख काढत होतो, आणि विषाणूला अडवणारी अशी आयती भिंत निंबाखाली विड्या ओढत बसली होती. वर ही माणसं यंदा कुठे कामाला गेली नव्हती. बाहेरून काही घेऊन येण्याचा प्रश्न नव्हता.

बाळं वाचतील हा विचार मला आधी आला, की श्रीकांतला हे सुचलं नाही हा विचार आधी आला, ते मी सांगणार नाही.

मी नायकांना बोलावलं. "धुंड करा. सगळ्या बाळांची करा. दाराबाहेर, उघड्यावर. पण यंदा गेरिया हे."

नायकांनी बुढ्यांकडे पाहिलं. बुढ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेवढ्यात अविनाशला वास लागला. तो चार जणांना घेऊन आला. "मॅडम, हे काय नवीन काढलं? आमी ड्रेस शिवले यंदा! अन् ह्या बुढ्याइच्यानं काठी तरी उचलते का?"

हरीबाबा उठून उभे राहिले. जरा वेळ लागला, पण राहिले. "ए पोट्ट्या. तुया बापाची धुंड म्या केलती. तुयी बी म्याच केली. लय रडत होता. आन ती काठी."

अविनाशनं काठी आणून दिली. मग काही वाद उरला नाही.

ललिताला मी सगळं समजावलं. तिनं एकच विचारलं, "बुढे गातीन नं बरोबर? शब्द भुलले तं?"

"म्या शिकवले ह्याइले शब्द," हरीबाबा म्हणाले.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सरांना विचारलंत?"

"नाही."

"विचारा."

विचारलं. श्रीकांतनं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "वंदना, हे... हे फार चांगलं आहे. असं कोणी करून पाहिल्याचं मी वाचलेलं नाही." आणि फोनमध्ये मला टाइप केल्याचा टकटक आवाज ऐकू आला. मी ओळखलं. कापसाची गंजी गेली तसंच हे जाणार.

होळीच्या सकाळी मी तांड्यात पोचले. बुढ्यांना आदल्या दिवशीच तपासलं होतं. ज्याला जरा कणकण होती त्याला घरी बसवलं. लहान पोरांना तांड्याच्या दुसऱ्या टोकाला गुळाची लापशी आणि रंग देऊन गुंतवलं होतं. अविनाश आणि त्याचे गेरिया नवे ड्रेस घालून बोळाच्या तोंडाशी उभे होते. त्यांना काम दिलं होतं: एकही पोरगं बाळांच्या घराकडे सोडायचं नाही. पोरं त्यांना ऐकेनात, म्हणून ओरडायला मी.

तर मी धुंड पाहिली नाही. ऐकली. आधी काठ्या वाजल्या, एकमेकींत मेळ नसलेल्या. मग हरीबाबांचा आवाज चढला, फाटला, पुन्हा चढला. मग बाकीचे मिळाले आणि काठ्या एका तालात आल्या. माझ्या शेजारी अविनाश तोंडातल्या तोंडात म्हणत होता. मध्येच म्हणाला, "च्यायला, बुढे जोरात आहेत."

मी मान उंच करून बघायचा प्रयत्न केला, तर काय दिसावं? घोळक्यात श्रीकांत. यवतमाळहून भल्या पहाटे निघून आला होता. शाल तीच. आणि हरीबाबांनी त्याच्या हातात काठी दिली होती.

मी नंतर त्याला गाठलं. "तुला गोवर झाला होता का लहानपणी?"

"हो, चौथीत. आईनं सांगितलंय. म्हणून तर गेलो पुढे."

म्हणजे तो नियमात बसत होता. माझीच अट, तिच्यातून तो बरोब्बर आत शिरला. बायका काठी धरत नाहीत हे मला माहीत आहे. मला कोणी काठी देणार नव्हतंच. तरी जळले. इतकी वर्षं मी या तांड्यात पावसापाण्यात चिखल तुडवत येते, आणि काठी मिळाली चौथीत गोवर झालेल्या माणसाला.

पुढचे काही आठवडे आम्ही डोळ्यांत तेल घालून होतो. तांड्यात आणखी थोड्या मुलांना गोवर निघाला. डोस हुकलेलीच होती ती, आम्ही टोचायच्या आधीच लागण झालेली. सगळी बरी झाली. धुंडीच्या बाळांपैकी एकालाही पुरळ आलं नाही. ललिता रोज बाळाचं अंग उन्हात उघडून बघायची आणि सिस्टरला फोन करायची. "आज बी काही नाही," एवढंच सांगायची.

हे बुढ्यांमुळे झालं का? छातीठोक सांगता येणार नाही. उघडी हवा होती, पोरं लांब होती, नशीबही असेल. आमच्या धंद्यात जे घडतं ते मोजता येतं. जे टळलं ते मोजायला पट्टी नाही. म्हणून त्याचं श्रेय कोणालाही घेता येतं.

ते घेतलं गेलं. नागपूरला परिषद झाली. श्रीकांतनं मोठ्या पडद्यावर फोटो दाखवला: फेटेवाले बुढे, कापड, ललिता, आणि काठी उंचावलेला तो स्वतः. मागे कोपऱ्यात, बोळाच्या तोंडाशी, माझं कोपर दिसत होतं. बांगडीवरून ओळखलं. तो म्हणाला, "स्थानिक टीमच्या सहकार्यानं." टाळ्या पडल्या. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मॅडम, आपला जिल्हा देशात पोचला." मी स्थानिक टीम. मीही टाळ्या वाजवल्या, दोन बोटांनी.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी नायकांचा फोन आला. आवाज वैतागलेला.

"मॅडम, या बरं एकडाव. बुढे काठ्या वापस देऊन नाही राह्यले. म्हणतात, धुंड आता आमीच करू. पोट्टे म्हणतात, मंग आमी होळीच खेळत नाही. तांड्यात बोलचाल बंद आहे."

"गोवर नाही ना आता? मग द्या म्हणावं काठ्या."

"तुमीच लावून देलं हे. तुमीच सोडवा."

"श्रीकांत सरांना सांगा की. काठी त्यांनीच धरली होती," मी म्हणाले. मोका मी कशाला सोडू?

"त्याइले कायले? ते पाव्हणे. त्याइच्यापुढं घरचं भांडण काढाचं का?"

मी फोन ठेवला आणि जीप काढली. लसीचा डबाही घेतला, कारण ललिताच्या मुलाच्या दुसऱ्या डोसाची वेळ झाली होती. पहिला मीच दिला होता, नऊ महिने भरल्यावर.

भांडण मिटायला दुपार झाली. ठरलं ते असं: धुंडीची अर्धी घरं बुढ्यांची, अर्धी जवानांची. ललिताच्या घरात गेले तेव्हा मुलगा भिंत धरून चालत होता. भिंतीवर श्रीकांतचा फोटो, तोच, फ्रेम करून लावलेला. पोरानं फोटोकडे बोट केलं, हसला, आणि टाळ्या वाजवल्या. मग त्याला मी दिसले. एक क्षण पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि असं भोकाड पसरलं की शेजारच्या बाया धावून आल्या.

"तुमाले ओयखते तो," ललिता म्हणाली, आणि त्याचा उजवा दंड घट्ट धरून माझ्यापुढे केला.

मी सुई टोचली. रडणं वाढलं. नव्या डॉक्टरांना मी आता एकच सांगते: पोरांनी हसून टाळ्या वाजवाव्यात असं वाटत असेल तर दिल्लीला जा. इथे राहायचं तर दंड पकडा.